फेणी आणि ग्राप्पा : टाकाऊतून मानाचे पेय

जेवण आटोपल्यावर लहानशा पेल्यातून घोटभर ग्राप्पा घेणे ही उत्तर इटलीतील जुनी रीत. काहीजण ती कॉफीतच मिसळतात. त्या पेयाला 'कॅफे कोरेत्तो' म्हणतात. ग्राप्पाचा जन्म मात्र गरिबीतला आहे. वाइनसाठी द्राक्षांचा रस काढल्यावर उरलेला साली-बियांचा चोथा शेतकरी ऊर्ध्वपातित करीत. थंडीत राबणाऱ्या कष्टकऱ्यांचे ते पेय होते.

आपल्या शेजारच्या गोव्यातील काजूच्या फेणीची कथा याहून फारशी वेगळी नाही. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजूचे झाड आणले. बाजारात मोल आले ते बीला. रसाळ पण तुरट बोंडू मागे उरला. तो काढणीनंतर लवकर नासतो, त्यामुळे दूरच्या बाजारात नेता येत नाही. गोवेकरांनी त्यावर उपाय शोधला. मार्च ते मे या काळात पिकून गळालेले बोंडू वेचून, तुडवून रस काढतात. आपोआप निथळणारा ताजा रस म्हणजे 'नीरो'. आंबवलेल्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून सौम्य 'उर्राक' मिळते, तर त्यापुढील ऊर्ध्वपातनातून तीव्र फेणी. उर्राक टिकत नसल्याने ती हंगामातच, बहुधा लिंबू आणि मिठासह प्यायली जाते. फेणी मात्र वर्षभर घरात असते. सर्दी-पडशावरचा घरगुती उपाय म्हणूनही तिच्याकडे पाहिले जाते.

दोन्ही पेयांना प्रतिष्ठा मिळाली ती नावाच्या संरक्षणामुळे आणि दर्जाच्या आग्रहामुळे. इटलीतील फ्रिउली प्रांतातील नोनिनो कुटुंबाने १९७३ मध्ये एकाच जातीच्या द्राक्षांपासून ग्राप्पा तयार केली आणि या ग्रामीण पेयाला उंची मद्याच्या पंक्तीत बसवले. युरोपीय नियमांनी १९८९ मध्ये 'ग्राप्पा' हे नाव इटलीतील उत्पादनासाठी राखून ठेवले. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तरीही कायद्याच्या लेखी ती 'देशी दारू'च होती. गोवा सरकारने २०१६ मध्ये तिला वारसा पेयाचा दर्जा दिला आणि २०२१ मध्ये स्वतंत्र फेणी धोरण आखले.

प्रश्न आहे तो सीमेच्या अलीकडचा. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले या तालुक्यांतही काजू पिकतो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या अनेक सुधारित जाती दिल्या. परंतु बी काढल्यावर बहुतांश बोंडू बागेतच कुजतात. मद्यनिर्मितीवर उत्पादन शुल्क कायद्याचे निर्बंध आहेत, आणि उद्या परवानगी मिळाली तरी 'फेणी' हे नाव सिंधुदुर्गाला वापरता येणार नाही. सरबत, सिरप, जॅम हे पर्याय उपलब्ध आहेत. मात्र फळ नासण्यापूर्वी ते गोळा करून प्रक्रियेपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा गावोगावी उभी राहायला हवी.

मद्यपानाचे दुष्परिणाम कोणी नाकारणार नाही. परंतु शेतकऱ्याच्या घामाने पिकलेले फळ मातीत जाणे हेही नुकसानच. इटलीने चोथ्याचे मोल ओळखले, गोव्याने बोंडूचे. कोकणाने आपला मार्ग वेगळा निवडावा. पण तो निवडावा हे खरे.