होडी धक्क्याला लावताना

होडी हाकणे सोपे, ती धक्क्याला लावणे कठीण, हे पन्नाशी उलटल्यावर आम्हांस मांडवी नदीने शिकविले. आयुष्य वर्गात शिकविण्यात गेले. आता गुरू होते एक वृद्ध तांडेल.

पहिल्या दिवशी ओहोटीच्या ओघाबरोबरच आम्ही धक्क्याकडे निघालो. यंत्र बंद केले, तरी होडी थांबेना. घाबरून हात पुढे केला. तांडेलांनी तो मागे ओढला नसता, तर बोटे दगड आणि फळी यांमध्ये चिरडली असती. "मास्तर, होडीला ब्रेक नसतो. हात मध्ये घालायचा नाही, त्यासाठी टायर बांधलेत," ते शांतपणे म्हणाले.

हळूहळू उमगले. प्रवाह आणि वारा यांत जो प्रबळ, त्याला सामोरे जात यावे. मग पाणीच वेग आवरते. शिवाय सुकाणूवरून ते वाहत राहिल्याने मंद गतीतही होडी ऐकते. तिरकस येऊन अखेरीस होडी धक्क्याला समांतर करावी आणि प्रथम नाळेचा दोर खुंटाला बांधावा. येथे पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते, म्हणून दोरांना ढील ठेवावी. बेत चुकतो आहे असे दिसताच हट्ट न धरता वळावे.

कित्येक फेऱ्यांनंतर होडी टायरांना अलगद टेकली. आनंद झाला, पण मन खजीलही झाले. गणित चुकलेल्या मुलांवर आम्ही किती वेळा आवाज चढविला होता! तांडेल मात्र दर वेळी एवढेच म्हणाले होते, "पुन्हा फिरून या."