संध्याकाळी परत यायचंच आहे, तरी बॅटरी घ्या : माहूरच्या डोंगरात जाताना पिशवीत काय असावं?

माहूर/किनवट : श्रावण लागला की नांदेड, लातूर, हिंगोलीच्या गावागावांतून माहूरला जायचे बेत सुरू होतात. कुणी रेणुकामातेच्या दर्शनाला जातं, कुणी राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला. तरुण पोरं रामगड किल्ला चढायला आणि सहस्रकुंडाचा धबधबा बघायला निघतात. निघताना घरातलं मोठं माणूस सांगतं, "जरा बॅटरी घे, पाणी घे." त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "संध्याकाळी परत यायचंच आहे की, कशाला ओझं?"

डोंगरात घात होतो तो याच वाक्यानं. दोन-चार दिवसांच्या प्रवासाला माणूस विचार करून बॅग भरतो. एका दिवसाचं म्हटलं की हात हलवत निघतो. सगळं ठरल्याप्रमाणं झालं तर पिशवीतल्या निम्म्या वस्तू लागतही नाहीत. पण पिशवी भरायची असते ती बेत फिसकटला तर काय, हे धरून.

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा

समजा, दुपारचे चार वाजलेत. दत्तशिखर करून अनुसयामातेच्या शिखराकडं पायवाटेनं निघालात आणि सोबत्याचा पाय मुरगळला. त्याला पाय टेकवत नाही. मोबाईलला रेंज नाही. श्रावणात आपल्याकडं पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात तर पावणेसहाच्या सुमारासच. सागाच्या दाट रानात त्याच्याही आधी अंधारून येतं. मदत यायला रात्रीचे नऊ वाजले, तर तोवर तुमच्याजवळ काय आहे?

उजेड, पाणी, खायला काही, अंगावर घ्यायला कोरडं कापड आणि हाक मारायचं साधन, एवढं जवळ असेल तर तो फक्त त्रासाचा दिवस ठरतो. नसेल तर तोच दिवस जिवावर बेतू शकतो.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात 'द माउंटेनिअर्स' नावाची गिर्यारोहकांची जुनी संस्था आहे. डोंगरात जाणाऱ्यानं नेहमी जवळ ठेवायच्या दहा वस्तूंची यादी तिनं १९३०च्या दशकात केली. आज जगभर तीच यादी थोड्याफार फरकानं चालते. आपल्या भागाला लागू पडेल अशी ती खाली देत आहोत. यातल्या बहुतेक वस्तू घरातच सापडतील.

पाणी : तहान लागायच्या आधी प्या

पावसाळ्यात माणशी किमान दोन लिटर, ऑक्टोबरच्या किंवा मार्चनंतरच्या उन्हात तीन लिटर पाणी घ्या. ओझं वाटतं, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. पण हे ओझं वाटेत हलकं होत जातं. लातूरकडच्या मंडळींनी हे जास्त ध्यानात ठेवावं. उदगीरजवळचं हत्तीबेट, चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथ बेट किंवा औशाकडची खरोसा लेणी असो, चढ लहान दिसतो, पण उघड्यावरचं ऊन फार घाम काढतं.

सोबत ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. पाकिटावर लिहिलेलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट टाका. अर्ध्या बाटलीत अंदाजानं टाकू नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढंच माप. ओढ्याचं पाणी दिसायला नितळ असलं तरी तसंच पिऊ नका. क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब जवळ असतील तर पाकिटावरच्या मापानं टाकून अर्धा तास थांबा.

उन्हात एखादा बरळायला लागला, अंग तापलं, तोल जायला लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ला फोन लावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

उजेड : मोबाईलची बॅटरी म्हणजे बॅटरी नव्हे

सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू हीच. मोबाईलचा टॉर्च चालू ठेवला की चार्जिंग झपाट्यानं उतरतं आणि फोन करायची वेळ येते तेव्हा मोबाईल बंद पडलेला असतो. म्हणून वेगळी बॅटरी घ्या, दोघांत एक तरी. डोक्याला बांधायची मिळाली तर उत्तम, उतरताना दोन्ही हात मोकळे राहतात. सेलची असेल तर जास्तीचे सेल घ्या. चार्जिंगची असेल तर आदल्या रात्री भरा.

मोबाईल : जपून वापरा

रेंज नसलेल्या जागी मोबाईल सारखी रेंज शोधत राहतो आणि चार्जिंग खातो. अशा ठिकाणी फ्लाइट मोडवर टाका. नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा. पॉवर बँक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घ्या. आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, वन विभागासाठी १९२६. हे नंबर आणि घरचे दोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाईल बंद पडला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतात.

शिट्टी : वस्तू छोटी, काम मोठं

ओरडून ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो. शिट्टी रात्रभर वाजवता येते आणि तिचा आवाज माणसाच्या हाकेपेक्षा लांब जातो. तीन लांब शिट्ट्या, थोडं थांबून पुन्हा तीन. शिट्टी पिशवीच्या तळाशी नको, गळ्यात किंवा पट्ट्याला बांधा. वाट चुकलीच तर रानात भटकत राहू नका. एका जागी थांबा आणि शिट्टी वाजवा. थांबलेला माणूस लवकर सापडतो.

पावसाचं कापड आणि खाणं

शेतात अंगावर घेतो ती प्लास्टिकची खोळ इथंही कामाची आहे. भिजलेल्या अंगाला रात्री वारा लागला की श्रावणातही हुडहुडी भरते. एक कोरडा शर्ट आणि पातळ चादर प्लास्टिकमध्ये बांधून घ्या. डोक्याला उपरणं किंवा टोपी असू द्या. पायात चप्पल नको, पकड असलेला बूट हवा.

दुपारच्या भाकरीशिवाय गूळ, शेंगदाणे, फुटाणे वेगळे बांधून घ्या आणि ते परत येईपर्यंत सोडू नका. काडीपेटी परदेशी यादीत असते. आपल्याकडं मात्र उन्हाळ्यात सागाच्या वाळलेल्या पाल्यावर एक ठिणगी पडली तरी डोंगर पेटतो. जंगलात जाळ करू नका.

औषधाची पुडी

क्रेप बँडेज, कापूस, जखमेवरची पट्टी, जंतुनाशक मलम, तापाच्या गोळ्या, छोटी कात्री आणि रोजची चालू औषधं. बीपी-शुगरवाल्यांनी रात्रीचीही गोळी सोबत घ्यावी. पाय मुरगळला तर क्रेप बँडेज बांधा आणि पाय उंचावर ठेवा. हाड मोडल्यासारखं वाटलं तर दोन काठ्या आणि उपरण्यानं तो भाग न हलेल असा बांधा.

साप, मोहळ, अस्वल आणि वीज

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप ध्यानात ठेवा. साप चावला तर जागा कापू नका, तोंडानं विष ओढू नका, दोरीनं करकचून आवळू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. तो भाग हलू देऊ नका आणि माणसाला चालवू नका, उचलून न्या. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. मांत्रिकाकडं न जाता थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. विषावर उतारा म्हणजे सापाच्या विषावरची लसच. साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

किल्ल्याच्या तटाला, लेण्यांना आग्या मोहळ असतं. तिथं धूर नको, आरडाओरडा नको, दगड तर मुळीच नको. माश्या उठल्याच तर तोंड कापडानं झाकून लांब पळा, हात झाडत उभे राहू नका.

किनवट-माहूरच्या रानात अस्वलं आहेत. उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि टेंभुर्णी खायला ती येतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकटे जाऊ नका, बोलत चाला.

विजेसाठी मोबाईलवर 'दामिनी' ॲप ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ते केलं आहे आणि आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी सांगतं. गडगडाट ऐकू आला की माथा सोडा. एकट्या झाडाखाली थांबू नका. पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. सहस्रकुंडावर असाल तर आणखी एक गोष्ट : तिथं ऊन असलं तरी वर पाऊस झाला की पैनगंगेला अचानक पाणी वाढतं. सेल्फीसाठी खडकावर उतरू नका.

पिशवीत न मावणारी वस्तू

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घरी ठेवून जायची असते. कुठं जाणार, कोणत्या वाटेनं, सोबत कोण आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे एका चिठ्ठीवर लिहा किंवा व्हॉट्सॲपवर घरच्यांना पाठवा. 'आठपर्यंत फोन आला नाही तर ११२ला कळवा' असंही सांगून ठेवा. कुठं गेलाय हेच घरी माहीत नसेल, तर शोधणारे सुरुवात कुठून करणार? परत फिरायची वेळही आधीच ठरवा. दुपारचे दोन ठरले तर दोन. शिखर समोर दिसत असलं तरी मागं फिरायचं.

निघायच्या आदल्या रात्री एवढं तपासा

- पाणी आणि ओआरएस
- बॅटरी, जास्तीचे सेल
- भरलेला मोबाईल, पॉवर बँक, नंबरचा कागद
- शिट्टी
- खोळ, कोरडा शर्ट, चादर, उपरणं
- गूळ, शेंगदाणे, फुटाणे
- औषधाची पुडी, स्वतःच्या गोळ्या
- घरी चिठ्ठी

पाणी सोडलं तर हे सगळं शाळेच्या दप्तरात मावतं. वापरायची वेळ न येता पिशवी तशीच परत आली तर फारच छान, पुढच्या वारीला भरलेली तयार आहे. आणि निघताना घरातलं कुणी "बॅटरी घेतली का?" म्हणून विचारलं, तर यंदा पिशवीत हात घालून ती दाखवा.