भुसा वाऱ्यावर नको, नळात हवा



खळ्यावरची उपणणी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. वावडीवर उभा राहून माणूस सूप हलवतो. दाणे पायाशी पडतात, भूस थोडे पलीकडे जाऊन पडते आणि त्याहून बारीक कण वाऱ्यावर तरंगत राहतो. तो कुठे गेला ते दिसत नाही. पण संध्याकाळी नाकातोंडात सापडतो.

सुताराच्या कारखान्यात हीच उपणणी दिवसभर चालू असते. फरक एवढाच, की तिथे वारा चार भिंतींत कोंडलेला असतो. रंध्याच्या ढलप्या पायाशी पडतात, करवतीचा भुसा जरा लांब पडतो, आणि पॉलिश पेपरची धूळ तासन् तास हवेत राहते. झाडूने निघतो तो भुसा घातक नाही. न दिसणारा घातक आहे. झाडूने तर तो पुन्हा वर उडतो.

आता कुणी म्हणेल, “आमच्या आजोबा-पणजोबांनी जन्मभर भुसाच खाल्ला, त्यांना काय झालं?” त्यांच्या हाती वाकस, करवत आणि हातरंधा होता. यंत्राने धूळ कितीतरी वाढली आणि बारीकही झाली. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचे खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तिथल्या फर्निचर-कामगारांत नाकाच्या आतल्या पोकळीचा कर्करोग फार आढळतो, हे 1960 नंतरच्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले. पुढे 1995 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला. दमा आणि जुनाट खोकला तर वेगळेच.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक यंत्राला नळ जोडून धूळ जागच्या जागी ओढून घेणे. पण पंखा विकत आणला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही.

माझ्या ओळखीच्या एका सुतारअण्णांनी 6 इंची तोंडाचा ब्लोअर आणला. यंत्रे तीन: रंधा मशीन, गोल करवत आणि पॉलिश पेपरचे मशीन. प्रत्येक यंत्राला 4 इंची नळ काढला आणि मुख्य नळ टाकला 8 इंची. “नळ मोठा, तर ओढ मोठी,” असा त्यांचा हिशेब. महिन्याभरात ओढ बंद पडली. मला म्हणाले, “गुरुजी, पंखाच खोटा निघाला.” नळ उघडून पाहिला, तर अर्ध्यापर्यंत भुसा भरलेला! मी म्हटले, “अण्णा, पंखा खरा आहे, नळ चुकला.”

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. अरुंद पाटातून पाणी जोरात वाहते आणि गाळ वाहून नेते. तोच पाट मध्येच रुंद झाला की पाणी मंदावते आणि गाळ खाली बसतो. नळातल्या हवेचेही तसेच आहे. लाकडाचा भुसा वाहून न्यायला हवेचा वेग मिनिटाला सुमारे 4,000 फूट लागतो. मोकळ्या रस्त्यावर एस.टी. ज्या वेगाने धावते, जवळजवळ तेवढाच हा वेग आहे.

शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मुलांकडून करून घ्यावे. गोल नळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 4 चा वर्ग 16, आणि 8 चा 64. म्हणजे एकच यंत्र चालू असताना अण्णांच्या मुख्य नळात वेग चौथाईवर येत होता. आता 6 इंची नळ घ्या: 6 चा वर्ग 36. 4 इंची दोन फाटे उघडे ठेवले, तर 16 आणि 16 मिळून 32. दोन्हीकडचा वेग जवळजवळ सारखा. तिन्ही उघडले तर 48 होतात आणि प्रत्येकाला ओढ कमी पडते. म्हणून अण्णांनी मुख्य नळ 6 इंची केला, प्रत्येक फाट्यावर सरकती झडप बसवली आणि भिंतीवर लिहून ठेवले: “तीनपैकी दोन झडपा उघड्या.” एकच यंत्र चालू असले, तरी दुसरी झडप उघडी ठेवायची.

पंखा घेतानाही हिशेब हवा. 4 इंची एका फाट्याला मिनिटाला सुमारे 350 घनफूट हवा लागते, दोघांना 700. पंख्यावर छापलेला आकडा बहुधा नळ आणि पिशवी न जोडता मोजलेला असतो. नळ जोडल्यावर हवा कमी होते, म्हणून पंखा जरा वरचढच घ्यावा.

आता जोडणीच्या चार गोष्टी.

पहिली, तोंड यंत्राच्या जवळ हवे. फुंकर मारून हातभर लांबचा दिवा विझवता येतो; पण तोंडाने हवा आत ओढून तो विझवून दाखवा बरे! ओढीचा जोर तोंडापासून दूर गेले की झपाट्याने कमी होतो. 4 इंची नळापासून 4 इंचांवर तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. म्हणून गोल करवतीला टेबलाखाली पेटी करून एक नळ जोडावा, आणि जमल्यास पात्यावरच्या झाकणालाही लहान नळ द्यावा. लेथवरच्या खेळण्यांना, मग ती सावंतवाडीची असोत वा आणखी कुठली, पॉलिश पेपर लावताना रुंद तोंडाचे नसराळे कामाच्या अगदी पाठीशी ठेवावे.

दुसरी, फाटा मुख्य नळाला काटकोनात जोडू नये. ओढा नदीला जसा तिरका येऊन मिळतो, तसा तो वाहत्या दिशेने तिरका जोडावा. वरून किंवा बाजूने, खालून कधीच नाही. वळणे मोठी ठेवावीत. वळ्यांचा लवचीक होज यंत्राशी दोन-तीन फूट पुरे. त्यात हवा फार अडते.

तिसरी, पंख्याच्या आधी घट्ट झाकणाचे एक पिंप ठेवावे. ढलप्या, जड भुसा आणि चुकून आलेला खिळा त्यात पडतो. खिळा पंख्यावर आपटला तर ठिणगी उडते. झाकणाला फट राहिली की ओढ गेलीच.

चौथी, पंखा आणि कापडी पिशवी बाहेर पडवीत ठेवावी. कापडातून बारीक धूळ गाळून पुन्हा आत आली, तर सारी मेहनत फुकट. हवा बाहेर जाते तेवढी आत यायला खिडकी उघडी ठेवावी. पिशवी वेळच्या वेळी झटकावी. ती तुंबली की पंखा गुदमरतो. झटकताना मात्र नाकावर नुसते फडके पुरत नाही. एन-95 मास्क लावावा.

आणखी एक इशारा. हवेत उडालेली लाकडाची धूळ दारूसारखी भडकते. 20 जानेवारी 2012 रोजी कॅनडातल्या बर्न्स लेक इथल्या लाकूड-गिरणीत अशा धुळीचा स्फोट होऊन 2 कामगार दगावले. तीन महिन्यांनी, 23 एप्रिलला, प्रिन्स जॉर्ज गावच्या गिरणीत आणखी 2. म्हणून नळ पत्र्याचा घ्यावा, त्याला अर्थिंग करावे, होजमधली तारही त्याला जोडावी. बिडी-काडी कारखान्याबाहेर. आढ्यावर आणि तुळयांवर धूळ साठू देऊ नये.

जोडणी नीट झाली का, हे पाहायला मोठे उपकरण नको. संध्याकाळी दार किलकिले करून सूर्याची एक तिरीप आत येऊ द्या आणि यंत्र चालवा. तिरिपेत कण नाचताना दिसले तर तोंड अजून लांब आहे, असे समजा. अण्णांनी असे करत करत करवतीचे नसराळे तीनदा हलवले. त्यांचा मुलगाही आता त्याच रंध्यावर उभा राहतो. अण्णा म्हणाले, “गुरुजी, माझा खोकला माझ्याबरोबर जाईल. पोराला तो वारसा नको.”