भरणे आणि बुजणे : काचबिंदूच्या शस्त्रक्रियेतील वणरोधक औषधे

संस्कृत ‘व्रण’ म्हणजे जखम. त्यापासून आलेल्या मराठी ‘वण’ शब्दाचा अर्थ मात्र जखम भरल्यावर मागे राहणारी खूण असा झाला. हे अर्थांतर शरीरातील घटनाक्रमाला धरूनच आहे. जखमेची परिणती वणात व्हावी हे आपण गृहीत धरतो. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत मात्र हीच परिणती अपयशाचे कारण ठरते. ती टाळण्याच्या उपायाचा येथे परिचय करून द्यावयाचा आहे.

काचबिंदूत बहुधा नेत्रजलाचा निचरा नीट होत नाही, डोळ्यातील दाब वाढतो व दृष्टिनाडीची हानी होते. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली राखणे एवढेच वैद्याच्या हाती असते. केर्न्स यांनी १९६८ साली वर्णिलेल्या ‘ट्रॅबेक्युलेक्टमी’ या शस्त्रक्रियेत श्वेतपटलाच्या पातळ पापुद्र्याखाली छिद्र करून नेत्रजलाला नवी वाट देतात. ते जल नेत्रश्लेष्मलेखाली येते, तेथे लहानसा फुगवटा धरतो व हळूहळू त्याचे शोषण होते.

शरीराच्या लेखी मात्र ही वाट म्हणजे जखमच होय. तंतुजनक पेशी तेथे जमतात, त्यांची संख्या वाढते, कोलॅजनचे जाळे विणले जाते आणि दाब पुन्हा चढतो. म्हणून या पेशींची वाढ रोखणारी दोन कर्करोगविरोधी औषधे १९८०च्या दशकापासून येथे वापरात आली : फ्लुओरोयुरॅसिल आणि मायटोमायसिन-सी. दुसरे औषध स्ट्रेप्टोमायसीस वर्गातील जीवाणूंपासून जपानात १९५०च्या दशकात मिळविण्यात आले. ते पेशीतील डीएनएचे दोन धागे एकमेकांस जखडते. त्यामुळे पेशीचे विभाजन थांबते.

खरा प्रश्न औषध पोहोचविण्याचा आहे. प्रचलित पद्धतीत दर मिलिलिटरला साधारणतः ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मायटोमायसिन असलेल्या द्रावणात स्पंजाचे तुकडे भिजवून ते नेत्रश्लेष्मलेखाली काही मिनिटे ठेवतात. मग ते मोजून काढतात आणि जागा भरपूर द्रवाने धुतात. हे सर्व छिद्र पाडण्यापूर्वी उरकावे लागते, कारण औषध डोळ्याच्या आत शिरल्यास पारपटलाच्या आतील पेशींना इजा होते. नेत्रश्लेष्मलेची कडही औषधापासून दूर ठेवतात. ती कड तर सांधली गेलीच पाहिजे. औषध अगदी लहान जागेत लावल्यास भोवती वणाचे कडे बनते व मधला फुगवटा पातळ होऊन गळू लागतो, म्हणून स्पंज विस्तृत जागेवर पसरण्याची पद्धत पुढे आली. काही शस्त्रवैद्य स्पंजाऐवजी सुईने औषध देतात. मात्रा कमी पडल्यास वाट बंद होते. अधिक झाल्यास दाब फार उतरतो, आणि जंतुसंसर्गाचे भय पुढे अनेक वर्षे राहते.

तात्पर्य, औषधाला इष्ट व अनिष्ट जखम यांतील भेद कळत नाही. तो भेद शस्त्रवैद्याला जागा, वेळ आणि मात्रा यांनी करावा लागतो. मराठीत मात्र तो आधीच आहे : जखम ‘भरते’, वाट ‘बुजते’. ‘जखम भरली, आता काम झाले’ असे समजून रुग्ण पुढील तपासण्या टाळू लागला, तर वाट आत नकळत बुजू शकते. वरची जखम भरली पाहिजे, आतली वाट बुजता कामा नये, एवढे वाक्य त्याला समजेल अशा रीतीने सांगणे हा उपचाराचाच भाग मानावयास हवा.