उदास गाणी आणि आपली मुलं

आषाढ लागला की कर्जत-खालापूरकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि मन उगाच जड होतं. १९९८ साली सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांच्या ‘गारवा’नं त्या जडपणाला सूर दिला. ती कॅसेट ऐकून मुलं बिघडतील, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

अमेरिकेतल्या ‘माय केमिकल रोमान्स’चं नशीब निराळं. २००६ सालचा त्यांचा ‘द ब्लॅक परेड’ ही कर्करोगानं मरणाऱ्या रुग्णाची कहाणी. बहुतेक समीक्षकांनी तिला नावाजलं. पण मनातली घालमेल उघडपणे गाणाऱ्या या रॉक संगीताला ‘इमो’ म्हणतात, आणि २००८ साली लंडनच्या ‘डेली मेल’नं त्याला आत्मघाताचा पंथ ठरवलं. बँडला तर ‘इमो’ हे बिरुदच नको होतं! मे महिन्याच्या अखेरीस मुलं त्या वृत्तपत्राच्या कचेरीपुढे निदर्शनं करायला उभी राहिली. या गाण्यांनी आम्हाला तारलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

बँकेत जन्म गेलेल्या माणसाला एवढं कळतं, की तोटा वहीत मांडल्यानं वाढत नाही. दडवला की वाढतो. दुःखाचंही तसंच. मुलाच्या खोलीतून उदास गाणं ऐकू आलं, तर दार वाजवून आत जावं आणि शेजारी बसून तेही ऐकावं.