बर्फ देश पाहून पडत नाही

स्कीइंगसाठी आल्प्समध्ये जायचे ठरले की पहिला प्रश्न देशाचा निघतो. स्वित्झर्लंड की ऑस्ट्रिया? फ्रान्स बरे की इटली? आपल्याकडे तर हिंदी चित्रपटांनी आणि उन्हाळी सुट्टीतल्या सहलींनी स्वित्झर्लंड म्हणजे बर्फ हे समीकरण फार पक्के केले आहे. पण मे महिन्यात युंगफ्राउयोखला दिसतो तो ३४५४ मीटर उंचीवरचा, हिमनदीवरचा बर्फ. हिवाळ्यात आठवडाभर स्कीइंग करणाऱ्याचा बराचसा वेळ त्याहून खूप खाली, हजार ते अडीच हजार मीटरच्या पट्ट्यात जातो. त्या पट्ट्यात किती बर्फ साठेल हे डोंगराची दिशा, वाऱ्याची वाट, गावाची उंची आणि पायाखालची जमीन यांवर ठरते. म्हणून देशांची तुलना करणे हीच मुळात चुकीची सुरुवात आहे, असे माझे म्हणणे आहे. शेंगेन व्हिसा या चारही देशांत चालतो, त्यामुळे आपल्या प्रवाशाला तर कागदपत्रांसाठीही एकाच देशाला चिकटून राहण्याची गरज नाही.

आल्प्सला बर्फ मुख्यतः दोन बाजूंनी मिळतो. अटलांटिककडून येणारे वायव्येचे ओले वारे उत्तरेकडच्या उतारांवर अडतात, तर भूमध्य समुद्रावर तयार होणारे कमी दाबाचे पट्टे दक्षिणेकडच्या उतारांवर बर्फ टाकतात. मधल्या खोऱ्यांपर्यंत पोहोचताना दोन्हीकडची वाफ बरीचशी संपलेली असते. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वाई ओलांडून पूर्वेकडे जाताना जसा झपाट्याने ओसरतो, तसाच हा पर्जन्यछायेचा प्रकार आहे. २०१३-१४च्या हिवाळ्यात दक्षिणेकडून वादळांमागून वादळे आली. इटलीतले डोलोमाइट्स आणि ऑस्ट्रियाचा दक्षिण भाग बर्फाखाली गाडला गेला, आणि त्याच ऑस्ट्रियाच्या उत्तरेकडे मात्र उतार उघडे पडण्याची वेळ आली. जानेवारी २०१९मध्ये नेमके उलटे घडले. वायव्येच्या वाऱ्यांनी उत्तर ऑस्ट्रियात रस्ते बंद पाडले आणि दक्षिणेची बाजू कोरडी राहिली. ‘यंदा ऑस्ट्रियात बर्फ चांगला आहे’ या वाक्याला दोन्ही वर्षी काय अर्थ होता?

यावर एक रास्त आक्षेप येतो. इटलीच्या फ्रान्स आणि स्वित्झर्लंडशी असलेल्या सीमा बऱ्याच ठिकाणी आल्प्सच्या मुख्य कण्यावरूनच जातात. मग देश बदलला की हवामानही बदलते, असे म्हणायला काय हरकत? हरकत अशी की हा कणा आणि सीमा सगळीकडे एकत्र चालत नाहीत. स्वित्झर्लंडचा तिचिनो प्रांत कण्याच्या दक्षिणेला आहे आणि तिथे इटलीसारखेच हवामान असते. ऑस्ट्रियातला पूर्व तिरोलही दक्षिणेकडचाच. इटलीकडून चढणारी वादळे अनेकदा सीमा ओलांडून फ्रान्समधल्या वाल दिझेरच्या परिसरात भरभरून बर्फ टाकतात. शिवाय काही स्की-क्षेत्रेच दोन देशांत पसरली आहेत. पोर्त द्यु सोलेय फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये आहे, इश्गल-सामनाउन ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये, तर मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी त्सेरमाट आणि इटलीचे चेरविनिया एकाच उतारजाळ्याने जोडलेले आहेत. तिथे सकाळी एका देशात निघालेला माणूस दुपारचे जेवण दुसऱ्या देशात करतो.

दुसरा घट्ट समज उंचीचा. उंच तेवढे चांगले, म्हणून फ्रान्स सर्वांत भरवशाचा, असे सर्रास सांगितले जाते. यात तथ्य आहेच. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, आणि २३०० मीटरवरचे वाल तोरेन्स हे युरोपातले सर्वांत उंच स्की-गाव आहे. गुलमर्ग २६५० मीटरवर आहे हे माहीत असणाऱ्याला हा आकडा मोठा वाटणार नाही, पण गुलमर्ग ३४ अक्षांशावर आहे आणि आल्प्स ४६च्या आसपास. तेवढ्या उत्तरेला २३०० मीटर ही फार मोठी उंची आहे. फ्रान्समध्ये अशी उंच गावे जास्त दिसतात, कारण १९६४पासून तिथल्या सरकारने ‘प्लान नेज’ या योजनेतून मुद्दाम वरच्या ओसाड उतारांवर नवी वसतिस्थाने उभारली. ऑस्ट्रियातली स्की-गावे बहुतेक जुनीच, शेतकऱ्यांची, खोऱ्यात वसलेली. म्हणजे सरासरीतला हा फरक निसर्गापेक्षा नियोजनाने घडवलेला आहे.

पण उंचीची किंमतही मोजावी लागते. आल्प्समध्ये साधारण दोन हजार ते बावीसशे मीटरच्या वर झाडे संपतात. हिमवादळात झाडांच्या रेषेच्या वर आकाश आणि जमीन एकच पांढरी होऊन जाते, पुढचा चढउतार दिसत नाही, वाऱ्यामुळे लिफ्ट बंद पडतात. अशा दिवशी खालचे, झाडीतले उतारच उपयोगी येतात. त्यातच वरची जमीन खडकाळ असते. ती नीट झाकायला मीटरभर बर्फ लागतो. ऑस्ट्रियातले किट्झब्युल जेमतेम ७६० मीटरवर आहे, म्हणून त्याला नाके मुरडली जातात. पण तिथले उतार म्हणजे उन्हाळ्यातली गुरांची कुरणे, मऊ गवताची. तीस-चाळीस सेंटिमीटर बर्फातही ती स्कीइंगसाठी तयार होतात. आणि ऑस्ट्रियातल्याच, सुमारे १५०० मीटरवरच्या वार्थला दर हिवाळ्यात सरासरी दहा मीटरच्या आसपास बर्फ पडतो, तर त्याहून उंच असलेले त्सेरमाट स्वित्झर्लंडच्या अत्यंत कोरड्या खोऱ्यांपैकी एकात आहे. त्सेरमाटचा भरवसा ३८८३ मीटरवरच्या क्लाइन मॅटरहॉर्नचा, तिथल्या हिमनदीचा आणि यंत्रांचा आहे.

यंत्राने केलेला बर्फ नकली, म्हणून टाळावा, हा समज मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. डोलोमाइट्समध्ये नैसर्गिक बर्फाचा भरवसा कमी, म्हणूनच तिथल्या लोकांनी बर्फ तयार करण्याची कला इतरांच्या आधी गांभीर्याने घेतली. डोलोमिती सुपरस्की हा १९७४पासूनचा एकत्रित पास बारा क्षेत्रांतल्या सुमारे १२०० किलोमीटर उतारांवर चालतो, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या उतारांवर बर्फाच्या तोफा पोहोचतात. पाणी आणि दाबाखालची हवा यांतून झालेला हा बर्फ घट्ट असतो, लवकर वितळत नाही, रोज रात्री यंत्राने सपाट करता येतो. नवशिक्यासाठी तो उत्तमच. भुसभुशीत ताज्या बर्फात उतरण्याची ओढ असलेल्याला मात्र तिथे समाधान मिळणार नाही. आणि या उपायाला मर्यादाही आहे: हवेतला ओलावा धरून तापमान उणे दोन अंशांच्या आसपास किंवा खाली गेल्याशिवाय तोफा चालत नाहीत, आणि पाणी व वीज भरपूर लागते. युरोपातल्या २२३४ स्की-क्षेत्रांचा एक अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तापमानवाढ दोन अंशांवर गेली, तर यंत्राविना ५३ टक्के क्षेत्रांत बर्फटंचाईचा फार मोठा धोका निर्माण होईल. निम्म्या उतारांवर यंत्रे असतील तर हे प्रमाण २७ टक्क्यांवर येते. चार अंशांच्या वाढीत मात्र यंत्राविना ९८ टक्के क्षेत्रे धोक्यात येतात.

उतारांच्या किलोमीटरांवरून तुलना करणारे एक विसरतात: लांबी मोजण्याची पद्धत सगळीकडे सारखी नाही. कुणी उताराची मधली रेषा मोजतो, कुणी स्की करणाऱ्याची वळणेही धरतो. रंगही फसवतात. फ्रान्समध्ये सर्वांत सोप्या उताराला हिरवा रंग असतो. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटलीत बहुधा निळ्यापासूनच सुरुवात होते.

राहिला खर्च. स्वित्झर्लंड महाग हे खाण्यापिण्यापुरते खरेच आहे. पण पासच्या बाबतीत त्याच देशाने धाडस दाखवले: झास-फेने २०१६मध्ये संपूर्ण हंगामाचा पास २२२ फ्रँकला विकला, आणि पुढच्याच वर्षी पश्चिम स्वित्झर्लंडमध्ये पंचवीस ठिकाणांचा मॅजिक पास आगाऊ विक्रीत ३५९ फ्रँकला मिळत होता. देशापेक्षा तारीख खिसा जास्त हलका करते. फ्रान्समध्ये शाळांच्या हिवाळी सुट्ट्या तीन विभागांत वाटलेल्या असतात आणि फेब्रुवारीचे बहुतेक आठवडे त्यांनी भरून जातात. जानेवारीचा मधला काळ त्या मानाने मोकळा आणि स्वस्त असतो. आपल्याकडची कुटुंबे बहुधा नाताळच्या सुट्टीत जातात, तेव्हा दर चढलेले असतात आणि नैसर्गिक बर्फ अजून पुरता साठलेला नसतो. त्या आठवड्यासाठी वाल तोरेन्ससारखे उंच गाव किंवा तोफांनी सज्ज डोलोमाइट्स ही शहाणी निवड ठरते. हाच प्रवास जानेवारीच्या अखेरीस ढकलता आला, तर वार्थ आणि किट्झब्युल यांचाही विचार करायला हवा.