प्रताधिकार आणि वाङ्मयचौर्य : संशोधनातील दोन भिन्न प्रश्न

प्रस्तावना

पूर्वसूरींच्या ग्रंथांचा परामर्श घेतल्याशिवाय प्रबंधाचे पहिले प्रकरणही सिद्ध होत नाही. हा आधार किती व कसा घ्यावा, याविषयी मात्र विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांच्यात दोन समजुती रूढ आहेत. ‘संदर्भ दिला की पुरे’ ही पहिली आणि ‘दहा टक्क्यांपर्यंत चालते’ ही दुसरी. प्रताधिकार, अर्थात कॉपीराइट, आणि वाङ्मयचौर्य या दोन बाबी एकच मानल्याने या समजुती बळावल्या आहेत. त्यांतील भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हक्क आणि श्रेय

प्रताधिकार हा हक्काचा प्रश्न आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ हा कल्पनेला नव्हे, तर तिच्या अभिव्यक्तीला संरक्षण देतो. सर्वोच्च न्यायालयाने ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ (१९७८) या खटल्यात हे तत्त्व विशद केले आहे. वाङ्मयचौर्य हा श्रेयाचा प्रश्न आहे. एखाद्या समीक्षकाचा सिद्धांत स्वतःच्या शब्दांत मांडून त्याचे नाव गाळले, तर प्रताधिकाराचा भंग होत नाही. वाङ्मयचौर्य मात्र घडते. याउलट, हयात कवीचा संपूर्ण संग्रह त्याच्या नावानिशी, पण परवानगीविना, प्रबंधाच्या ग्रंथरूप आवृत्तीला जोडला, तर ते वाङ्मयचौर्य ठरणार नाही. परंतु प्रताधिकाराचा भंग ठरू शकेल. म्हणजेच संदर्भ हा परवानगीला पर्याय नाही आणि परवानगी हा संदर्भाला पर्याय नाही.

दहा टक्क्यांचा उगम

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधविषयक विनियमांत (२०१८) साम्याच्या चार पातळ्या आहेत. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे या मोजणीतून वगळली जातात. ही टक्केवारी विद्यापीठीय शिस्तीची आहे. प्रताधिकार अधिनियमात संशोधनासाठी अशी कोणतीही टक्केवारी नाही.

कायद्यातील मोकळीक

अधिनियमाच्या कलम ५२ नुसार संशोधनासह खाजगी उपयोग, तसेच समीक्षा व परीक्षण यांसाठी केलेला ‘उचित व्यवहार’ हा भंग मानला जात नाही. विवेचनाला आवश्यक तेवढ्या ओळी उद्धृत करणे त्यात बसते. मूळ पुस्तक विकत घेण्याची गरजच उरू नये इतका मजकूर छापणे बसणे कठीण. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना तसेच प्रश्नपत्रिकेतील उताऱ्यांना स्वतंत्र सवलत आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये या सवलतीचा अर्थ लावताना पृष्ठसंख्येपेक्षा अध्यापनाची गरज हा निकष मानला. मात्र हा निर्णय अध्यापनासंबंधी आहे; संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणाऱ्यास तो आपोआप लागू होत नाही.

मुदत संपलेले साहित्य

लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील प्रताधिकार संपतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यांचे असे लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. पु. ल. देशपांडे यांचे निधन २००० मध्ये झाल्याने त्यांचे लेखन २०६० अखेरपर्यंत संरक्षित आहे. ज्ञानेश्वरीची मूळ ओवी कोणीही छापावी. पण आधुनिक संपादकाची प्रस्तावना, टीपा वा गद्य अनुवाद यांवर स्वतंत्र प्रताधिकार असू शकतो.

विद्यार्थ्याचा हक्क

या चर्चेत एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. विद्यार्थी हा केवळ इतरांच्या लेखनाचा उपयोगकर्ता नसतो, तो स्वतःही लेखक असतो. सामान्यतः प्रबंधाचा प्रथम प्रताधिकार त्याचाच असतो. त्याच्या प्रकरणावर लेखक म्हणून केवळ मार्गदर्शकाने आपले नाव घालणे हा कलम ५७ खालील लेखकाच्या विशेष हक्कावर आघात आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची मानली जाते. नियतकालिकाच्या करारपत्रावर सही करण्यापूर्वी हे त्यास सांगणे मार्गदर्शकाचे कर्तव्य ठरते.

समारोप

दुसऱ्याचे लेखन वापरताना संशोधकाने दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : हे कोणाचे आहे, ते सांगितले आहे काय? आणि एवढे वापरण्याची मुभा आहे काय? साम्यतपासणीचा अहवाल यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे पूर्ण उत्तर देत नाही. ते उत्तर शोधण्याची सवय विद्यार्थ्यास पहिल्या प्रकरणापासूनच लावावी लागते.